एकविसावा दिवस

आमच्या पुढच्या खोलीच्या खिडकीला जाड पडदा आहे. माझं नखांचं काम चालू असतं तोवर तो ओढलेला असतो. पहिल्यांदा येणाऱ्या बायकांना वाटतं, शेजाऱ्यापाजाऱ्यांची नजर नको म्हणून असेल. कारण वेगळं आहे. दुपारचं ऊन टेबलावर आलं की ब्रशाच्या केसांत राहिलेलं पॉलिजेल घट्ट व्हायला लागतं, आणि मग तो ब्रश कशानंही साफ होत नाही. पॉलिजेल घट्ट करायच्या लॅम्पमध्ये जो प्रकाश असतो त्याच जातीचा थोडा प्रकाश उन्हातही असतो, हे मला दोन ब्रश वाया गेल्यावर कळलं. आणि सांगलीत मार्च ते मे उन्हाला तोटा नाही.

टेबल म्हणजे सासूबाईंचं पायमशीन. मशीन खाली दुमडून झाकण लावलं की वर सपाट फळी राहते. एका बाजूला मी बसते, समोर जी आली असेल ती दोन्ही हात पसरून बसते. याच फळीवर सासूबाईंनी तीस वर्षं ब्लाऊज शिवले. ब्लाऊज तयार झाला की तो आधी उलटा करून त्या खिडकीशी नेत, शिवण आतून बघत आणि मगच गिऱ्हाईकाच्या हातात देत. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हे रोज बघत होते. पण आपल्याला यातलं काही उपयोगी पडेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

२०२१ च्या पावसाळ्यात नवऱ्याचा पगार निम्म्यावर आला होता. मुलीची शाळा मोबाईलवर चालली होती आणि त्याच मोबाईलवर रात्री मी नखांचे व्हिडिओ बघायचे. त्यातून एक किट मागवलं, अकराशे रुपयांचं. पॉलिजेलच्या सहा छोट्या ट्यूब, मुठीएवढा लॅम्प, प्लास्टिकचे शंभरेक साचे (आम्ही त्यांना ड्युअल फॉर्म म्हणतो), एक ब्रश, एक फाइल आणि स्लिप सोल्युशनची बाटली. ट्यूबवर घटकांची यादी नव्हती. ती नाही हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही. आता कुठलीही ट्यूब हातात आली की मी पहिल्यांदा तीच शोधते.

पॉलिजेल घरात करायला सोयीचं का, तर त्याला उग्र वास नाही. जुन्या पद्धतीच्या अ‍ॅक्रिलिकमध्ये भुकटी आणि पातळ द्रव एकत्र करतात. त्या द्रवाचा वास घरभर पसरतो, आणि मिश्रण हवेतच घट्ट होऊ लागतं, त्यामुळे हात भराभर चालवावा लागतो. पॉलिजेलमध्ये अ‍ॅक्रिलिकची ताकद आणि जेलचा मऊपणा आधीच कालवलेला असतो. टूथपेस्टसारखं ट्यूबमधून काढायचं. लॅम्पखाली जाईपर्यंत ते आपली वाट बघत थांबतं. नवशिक्या हातांना हा वेळ फार मोलाचा असतो. त्या वेळामुळेच सगळं सोपं आहे असा गैरसमजही होतो, आणि तो माझा झाला होता.

पहिली नखं मी स्वतःच्या डाव्या हाताला लावली. फोटो काढून बहिणीला पाठवला. तिसऱ्या दिवशी कणीक मळताना अंगठ्याचं नख निघालं. ते कणकेत शोधावं लागलं. सापडल्यावर मी कणीक टाकून दिली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, दुसरी कणीक त्यांनी स्वतः मळली. रात्री सगळं आवरल्यावर ते निघालेलं नख मी उलटं करून दिव्याखाली धरलं. मुळाकडच्या कडेला आतून एक पांढुरका पापुद्रा चिकटून आला होता. तो माझ्याच कातडीचा होता. सुटलं होतं ते तिथून. त्या रात्री मला पहिल्यांदा सासूबाईंचा उलटा केलेला ब्लाऊज आठवला.

नख वाढताना मुळापासून एक अगदी पातळ, मेलेली कातडी त्याच्यावर पसरत पुढे येते. ती काचेसारखी पारदर्शक असते, पटकन दिसत नाही. तिच्यावर पॉलिजेल बसवलं तर ते कातडीला धरून राहतं आणि कातडी गळाली की तेही जातं. त्यामुळे आता माझ्या दीड-पावणेदोन तासांच्या कामातली चाळीस मिनिटं ट्यूबचं टोपण उघडायच्या आधीच संपलेली असतात. मुळाकडची कातडी मागे सारायची. मग नखाच्या पाठीवरून, कोपऱ्यांतून ती मेलेली कातडी खरवडून काढायची. जिवंत कातडी कापायची नाही, कारण तिनंच नखाच्या मुळाचं दार बंद केलेलं असतं. ते दार उघडं पडलं की नखुरडं होतं. मग १८० नंबरची फाइल अलगद फिरवून नुसती चमक घालवायची. फाइलचा आकडा जितका लहान तितकी ती खरखरीत. १०० ची फाइल घट्ट झालेल्या पॉलिजेलवर चालते, नैसर्गिक नखावर मी ती कधी लावत नाही. नखाची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. त्यातलं आपण काय घासून टाकतो याचं भान हवं. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायकांची नखं आधीच कुठेतरी घासून कागदासारखी झालेली असतात. अशा वेळी मी एक्स्टेंशन लावत नाही. चार महिने थांबा म्हणून सांगते. काही चिडून दुसरीकडे जातात. जाऊ देत.

मग धूळ पुसायची, डिहायड्रेटर लावून नखावरचा ओलावा आणि तेल घालवायचं, प्रायमर, बेस कोट, लॅम्प. त्यानंतर पॉलिजेल.

साच्यात पॉलिजेल किती घ्यायचं हे शिकवता येत नाही, बोटांना कळावं लागतं. करंगळीला ज्वारीच्या दोन दाण्यांएवढं, अंगठ्याला हरभऱ्याहून थोडं जास्त. स्लिप सोल्युशनमध्ये ब्रश बुडवून, निथळून, ते साच्यात पसरायचं. मुळाकडे पातळ, मध्ये थोडं जाड, टोकाकडे पुन्हा पातळ. डिसेंबरात सकाळी ट्यूब इतकी आखडलेली असते की दहा मिनिटं काखेत धरून बसावं लागतं. मे महिन्यात तेच पॉलिजेल साच्यातून ओघळतं. तेव्हा मी ट्यूब माठाशेजारी ठेवते. साचा नखावर सपाट ठेवला की आत हवा अडकते. तो मुळाकडून तिरका टेकवून हळूहळू पुढे निजवायचा, जशी उंडी दाबत कडेकडे सरकवावी तसा. कडेनं बाहेर आलेलं पॉलिजेल कातडीला लागण्याआधी टिपून घ्यायचं. नखाच्या मुळाशी केसभर जागा मोकळी राहिली पाहिजे. मग छोट्या टॉर्चनं दहा सेकंद धरायचं, सगळ्या बाजूंनी बघायचं आणि हात लॅम्पमध्ये द्यायचा.

लॅम्पमध्ये हात गेला की काही जणी एकदम ओरडतात, "भाजतंय ओ ताई!" हे भाजणं लॅम्पचं नसतं. पॉलिजेल घट्ट होताना त्याचे सुटे कण एकमेकांना जोडले जातात आणि त्या जोडणीतूनच उष्णता बाहेर पडते. थर जाड असेल तर जास्त. नख आधीच पातळ असेल तर ती सरळ खालच्या कोवळ्या भागाला जाणवते. म्हणून मी पहिल्यांदाच सांगून ठेवते की चटका बसला तर हात बाहेर काढ, पाच सेकंद थांब, पुन्हा घाल. सोसायचं नाही. बायकांना सोसायची इतकी सवय असते की हे दोनदा सांगावं लागतं.

लांबीवरून माझे आणि गिऱ्हाइकांचे वाद होतात. मोबाईलमधला फोटो दाखवून म्हणतात, अशी हवीत. मी विचारते, भाकरी थापता का? धुणं कुठं धुता? दुचाकी चालवता का? नख बोटाच्या पुढे जितकं जास्त जाईल तितकी ती पहारीसारखी तरफ होते. टोकाला लागलेला छोटासा धक्का मुळाशी मोठा होऊन पोचतो. म्हणून नखाच्या पाठीवर, बोट संपतं त्याच्या किंचित मागे, सगळ्यात जास्त उंची ठेवायची असते. बाजूनं बघितलं तर कमान दिसली पाहिजे. कमान नसलेलं लांब नख आज सुंदर दिसतं आणि परवा मधोमध मोडतं. मोडताना ते खालचं खरं नखही घेऊन मोडतं, आणि ती वेदना ज्यांनी भोगली आहे त्यांना विचारा. घरकाम करणाऱ्या बाईला मी बोटापुढे तीन मिलिमीटरच्या वर देत नाही.

या धंद्यात सगळे पहिल्या दिवसाचा फोटो दाखवतात. मी गिऱ्हाइकांकडून एकविसाव्या दिवसाचा फोटो मागवते. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. तीन आठवड्यांत मुळाशी दोन मिलिमीटरची मोकळी पट्टी दिसायला लागते आणि कमान तेवढीच पुढे सरकलेली असते. भार चुकीच्या जागी येतो. रिफिल करायचं ते या भारासाठी, नुसती फट बुजवायला नाही. त्या फोटोत मी कडा बघते. कड कुठे उचलली आहे का, आत पांढरं दिसतं आहे का. दहापैकी नऊ नखांच्या कडा बसलेल्या असतील तर मी स्वतःला शाबासकी देते. एक उचललेली असेल तर त्या बोटाला काय कमी पडलं ते माझ्या वहीत लिहिते. बहुतेक वेळा ते बोट अंगठा असतो आणि बहुतेक वेळा माझी फाइल त्याच्या कोपऱ्यात पोचलेली नसते.

कड उचलली की लगेच या, हे मी प्रत्येकीला सांगते. एकजण आली नाही. किराणा दुकानात मिळतो तो झटपट चिकटणारा गोंद तिनं फटीत घातला आणि दहा दिवस तसेच काढले. आली तेव्हा मधल्या बोटाचं नख हिरवं दिसत होतं, कच्च्या कैरीच्या सालीसारखं. "ताई, सडलं का ओ?" म्हणून रडायला लागली. पॉलिजेल काढल्यावर खाली हिरवा डाग. फटीतून पाणी आत गेलं, वरून गोंदानं दार बंद झालं, आणि त्या ओल्या अंधारात जिवाणू वाढले. स्यूडोमोनास त्याचं नाव, आणि हिरवा रंग त्याचाच. मी त्या बोटाला काहीही लावलं नाही, त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. जिवाणू गेले तरी डाग नखाबरोबर पुढे सरकत जायला महिने लागले. दर महिन्याला ती मला बोट दाखवायला यायची, आणि डाग तीन-तीन मिलिमीटरनं टोकाकडे जाताना आम्ही दोघी बघायचो.

इथे हळदीचं सांगायला हवं. सांगलीची हळद देशभर जाते, २०१८ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. इथल्या लग्नातली हळद म्हणजे खरोखरीची, ताजी दळलेली हळद. माझं पहिलं नवरीचं काम फिक्या गुलाबी रंगाचं होतं, हळदीच्या आदल्या दिवशी केलेलं. दुसऱ्या संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. दहाही नखं पिवळी. बाहेर डीजे, इकडे ती रडवेली. मी स्कूटर काढून गेले, वरचा टॉप कोट बफरनं घासून उतरवला आणि नवा दिला. तेव्हापासून नवरीचा क्रम मी वहीत आखून ठेवला आहे. नखं मेंदीच्या आधी, कारण मेंदीवर लिंबू-साखर आणि नंतर निलगिरीचं तेल लावतात, आणि तेलकट नखावर काहीच धरत नाही. शेवटचा टॉप कोट मात्र हळद उतरल्यावर, त्याच संध्याकाळी. तेवढ्यासाठी मी लग्नघरी जाते आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाही. राहिलेला पिवळेपणा उन्हात फिकट होतो. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही हे इथल्या कुठल्याही आजीला ठाऊक आहे, पांढऱ्या कपड्यावरचा डाग त्या उन्हातच घालवतात.

मिरज इथून दहा किलोमीटर. दवाखान्यांचं गाव. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशनचं रुग्णालय सुरू केलं, आणि आज मिरजेच्या गल्ल्यागल्ल्यांत डॉक्टर आहेत. त्यामुळे माझ्याकडे नर्स मुली येतात. त्यांना मी नाही म्हणते. रुग्णाला हात लावणाऱ्यांनी कृत्रिम नखं वापरू नयेत असं जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ च्या हात स्वच्छतेच्या सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलं आहे. अशा नखांखाली जंतू राहतात, नीट हात धुतल्यावरही राहतात. एकीच्या भावाचं लग्न होतं. "दोन दिवस सुट्टी हाय, लावा की," म्हणून मागे लागली. मी साच्यातच तिच्या मापाची दहा नखं करून लॅम्पखाली घट्ट केली, सुटी काढली आणि दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या छोट्या पट्ट्यांवर तिला बसवून दिली. लग्न झाल्यावर तिनं ती कोमट पाण्यात हात धरून उतरवली आणि डबीत ठेवली. पुढच्या लग्नाला तीच. त्या डबीकडे बघून मला जितकं बरं वाटलं तितकं कुठल्याही महागड्या डिझाइननं वाटलं नाही.

आता माझ्या स्वतःच्या हातांबद्दल. २०२३ च्या जानेवारीत डाव्या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना खाज सुटायला लागली. पेरांना बारीक भेगा पडल्या. मला वाटलं, लसूण. लसूण सोलताना पाकळी याच बोटांत धरतो आणि त्यानं हात फुटतात, हे मी माहेरी बघितलं होतं. लसूण बंद केला. भेगा राहिल्या. पुढे पापण्या सुजल्या, सकाळी डोळे उघडेनात, तेव्हा मिरजेला त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी विचारलं, "काम काय करता?" मी सांगितलं. मग त्यांनी माझा डावा हात स्वतःच्या हातात घेतला आणि म्हणाले, "गिऱ्हाइकाचं बोट कसं धरता, दाखवा." मी धरून दाखवलं. अंगठा आणि शेजारची दोन बोटं.

पाठीवर वेगवेगळ्या पदार्थांच्या चकत्या चिकटवल्या. ४८ तासांनी काढल्या, ९६ तासांनी पुन्हा बघितलं. एका जागी लाल, उठलेला, पाणीदार चट्टा. हेमा नावाच्या पदार्थाचा. कितीतरी जेलांमध्ये, बेस कोटांमध्ये तो असतो. घट्ट झालेलं जेल सहसा त्रास देत नाही, कच्चं जेल कातडीला लागलं तर देतं. मी दीड वर्ष कडेला ओघळलेलं पॉलिजेल बोटानं पुसत होते. मुठीएवढ्या लॅम्पखाली ते वरून घट्ट आणि आतून अर्धकच्चं राहत होतं, आणि ते घासताना उडालेली भुकटी माझ्या हातांवर, चेहऱ्यावर बसत होती. शरीरानं एकदा हा पदार्थ शत्रू म्हणून ओळखला की ते विसरत नाही. डॉक्टर म्हणाले, "दातांच्या डॉक्टरांना हे सांगायचं. पुढे कधी सांधा बदलायची वेळ आली तर हाडांच्या डॉक्टरांनाही." दात भरायच्या सामानात आणि सांधा बसवायच्या सिमेंटमध्ये याच कुळातले पदार्थ असतात.

हे कूळ दातांकडूनच नखांकडे आलं आहे, हे मी नंतर वाचलं. १९५४ मध्ये अमेरिकेत फ्रेड स्लॅक या दंतवैद्यानं आपल्या मोडलेल्या नखावर दातांचं अ‍ॅक्रिलिक लावून बघितलं, तिथून ही कृत्रिम नखं सुरू झाली असं सांगतात. ज्या गोष्टीनं त्यांचं नख सावरलं, तिच्यामुळे मला आता दात भरताना जपावं लागणार आहे.

तीन महिने काम बंद ठेवलं. डॉक्टरांनी कायमचं बंद करा असंच सांगितलं होतं. मुलीची फी, घराचा हप्ता हे सगळं डोळ्यांपुढे होतं आणि गिऱ्हाइकं फोन करत होती. पुन्हा सुरू केलं ते पुष्कळ गोष्टी बदलून. नायट्रिलचे हातमोजे, एकावर एक दोन, आणि दर वीस मिनिटांनी बदलायचे, कारण हा पदार्थ थोड्या वेळानं हातमोज्यातूनही आत शिरतो. पॉलिजेल ज्या कंपनीचं, तिनं सांगितलेल्याच ताकदीचा लॅम्प. धूळ ओढणारा पंखा, तोंडाला मास्क. हेमा नसलेला बेस कोट, पण त्यातही त्याचे भाऊबंद असू शकतात हे लक्षात ठेवून. लॅम्पसाठी गिऱ्हाइकाला बोटं उघडी असलेले हातमोजे देते, म्हणजे हाताच्या पाठीवर तो प्रकाश कमी पडतो. तरीही मधूनच पापणी खाजते. मग आठवडाभर मी कुणाची वेळ घेत नाही. माझ्या स्वतःच्या नखांना गेल्या कित्येक महिन्यांत रंगसुद्धा लागलेला नाही.

घरी किट मागवलेल्या कॉलेजच्या मुली येतात. "मावशी, लॅम्प हाय, ट्यूब हाय, तुम्ही नुस्तं शिकवा." मी त्यांना माझी पाठ दाखवू शकत नाही, पण वहीत ठेवलेला त्या चट्ट्याचा फोटो दाखवते. युरोपात हेमा असलेलं नखांचं सामान फक्त व्यावसायिकांनी वापरावं असा नियम आहे, आणि जेल घट्ट व्हायला मदत करणारा टीपीओ नावाचा घटक तर १ सप्टेंबर २०२५ पासून तिथे सौंदर्यप्रसाधनांत वापरायलाच बंदी आहे. आपल्या हातात येणाऱ्या ट्यूबवर काय लिहिलं आहे ते वाचा, काहीच लिहिलं नसेल तर ती परत पाठवा, एवढं मी सांगते. आणि पहिला महिना प्लास्टिकच्या नखांवर सराव करायला लावते. कडेला मी पेनानं रेघ मारून देते. पॉलिजेल त्या रेघेच्या बाहेर एकदाही गेलं नाही असं सलग दहा नखांना झालं, की मगच स्वतःच्या बोटाला लावायचं. चारपैकी तीन मुली दुसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडतात. चौथी टिकली, तिच्या कडा माझ्यापेक्षा स्वच्छ असतात.

काढण्याबद्दल कुणी विचारत नाही, सगळ्यांना लावायचं असतं. पॉलिजेल अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून सहज विरघळत नाही. ते फाइलनं घासत घासत पातळ करत आणावं लागतं. कड धरून उपटलं तर नखाचे थर घेऊन येतं. गेल्या वर्षी एका रात्री साडेनऊला फोन आला. माझं जुनं गिऱ्हाईक, नववा महिना. सकाळी सिझेरियन ठरलं होतं आणि दवाखान्यात सांगितलं होतं की नखं काढून या. बोटाला लावतात त्या यंत्रातून रक्तातला प्राणवायू मोजायचा असतो, आणि गुंगी दिलेली असताना नखाचा रंग डॉक्टरांना दिसावा लागतो. तिच्या नवऱ्यानं एक बोट पकडीनं उपटून बघितलं होतं. त्या बोटावर लाल चंद्रकोर उमटली होती.

मी तिच्या घरी गेले. ती उशीला टेकून बसली, हात पोटावर ठेवायला जागा नव्हती म्हणून शेजारी स्टुलावर टॉवेल घालून त्यावर ठेवला. १०० ची फाइल, मग १८०, मग बफर. यंत्र लावलं नाही, हातानंच घासलं. दोन तास लागले. मध्ये मध्ये बाळ लाथ मारायचं आणि तिचा हात हलायचा, मी थांबायचे. भीती वाटते म्हणाली. मी म्हटलं, मलाही मुलीच्या वेळी वाटली होती. शेवटचा थर निघून खालचं तिचं खरं नख दिसायला लागलं तेव्हा मी बोट दिव्याकडे केलं. नख गुलाबी, सपाट, कुठे पांढरा चट्टा नाही. तीन वर्षं तिच्या हातावर मी काय केलं ते मला त्या रात्री दिसलं. ते उपटलेलं बोट सोडून.

साडेसहा महिन्यांनी ती बाळाला घेऊन आली. हात पुढे केला आणि म्हणाली, "आता लावू या का?" मी तिची नखं बघितली. मुळापासून टोकापर्यंत नख बदलायला हाताला साधारण सहा महिने लागतात. समोरच्या एकाही नखाला मी कधी हात लावलेला नव्हता. त्या उपटलेल्या बोटावरचंही नवं आलं होतं.

"अंघोळ तूच घालतेस ना ह्याला?"

"मीच की."

"मग नको आता. चालायला लागू दे."

"मग कापून तरी द्या नीट."

त्या दिवशी टेबलावर जेल नव्हतं. सासूबाईंनी पडदा सारला, मी हातमोजे घातले नाहीत. तिची नखं बोटांबरोबर कापली, कडा बफरनं गोल केल्या, मुळाला तेल लावलं. मग ती म्हणाली, ह्याची पण वाढलीत ओ, गाल ओरबाडून घेतोय, आणि मला कापायची भीती वाटते. बाळ तिच्या मांडीवर झोपलं होतं. मी ड्रॉवरमधली काचेची नवी फाइल काढली, सगळ्यात मऊ असते ती, आणि खिडकीच्या उजेडात एकेक बोट धरून दोन दोन वेळा फिरवली. दहाही नखं झाली तरी तो जागा झाला नाही.